बिनचिरेचा स्कर्ट

"ताई, हा स्कर्ट आहे की लोडाचा अभ्रा?" गिऱ्हाईक बाईंनी नमुन्याला आणलेलं जुन्या मासिकातलं चित्र बघून शिंपीणबाईंनी थट्टा केली होती. घोट्यापर्यंत लांब, अंगासरसा सरळ, ना चुणी ना झालर. शिवून नेल्यावर आठ दिवसांनी त्या बाई तोच स्कर्ट घालून मुंगीच्या पावलांनी दुकानात आल्या.

"सांगितलं होतं ना, मागे चीर ठेवा म्हणून? यात घरची धावपळ कशी व्हायची? आणा, वीतभर उसवून देते."

"हात लावू नका! मला धावता येत नाही म्हटल्यावर आमचे हे स्वतः उठून पाणी घेतात. सासूबाईंना त्यांचा चष्माही सापडायला लागलाय. उलट गुडघ्यापाशी अजून अर्धा इंच आत घ्या."

शिंपीणबाई पोट धरून हसत होत्या, तोच दुकानामागच्या न्हाणीघरातून त्यांच्या नवऱ्याची आरोळी आली, "अगं, टॉवेल!" बावीस वर्षं हा माणूस टॉवेल न घेताच अंघोळीला जात आला होता. सवयीनं त्या अर्ध्या उठल्या. मग परत बसल्या, गळ्यातली टेप काढून स्वतःच्या कमरेला गुंडाळली आणि आत ओरडल्या, "थांबा जरा, माप घेतेय!"