तीन गाठींचा लाल

धाकट्याने कपाटातून पँट ओढली आणि कमरेच्या पट्टीच्या आत बोट फिरवलं. एक गाठ. म्हणजे काळी. ती त्याने पलंगावर ठेवली. मग टी-शर्ट. मानेच्या आतल्या बाजूला दोन गाठी, म्हणजे पांढरा. जॅकेट मात्र त्याने न मोजताच उचललं. त्याच्या गळ्याशी तीन गाठी होत्या, आणि तीन म्हणजे लाल, हे तो झोपेतसुद्धा सांगू शकला असता.

गाठी ताईच्या. ती कपडे कमी-जास्त करून देण्याच्या दुकानात बसायची. भावाची नजर गेली त्या वर्षी तिने सुई-दोरा घेऊन त्याचं अख्खं कपाट असं बोटांना वाचता येईलसं करून ठेवलं होतं.

नियम मात्र धाकट्याचे. अंगावर रंग तीनच, चौथा आला की माणसाचं दुकान होतं. आणि त्यातला सगळ्यात ठसठशीत रंग दोनदा यायला हवा, एकदा वर, एकदा खाली. म्हणून वर लाल जॅकेट आणि खाली पांढऱ्या बुटांना लाल नाड्या. डोळे होते तेव्हा हे ज्ञान तो मित्रांना फुकट वाटायचा. आता ऐकायला एकटी ताई उरली होती.

"टोपी घालून जा, ऊन आहे," ती म्हणाली.

त्याने टोपी चाचपली. "चार गाठी. निळी. माझं वाटोळं करायचं ठरवलंयस का आज?"

पाच वाजता बागेच्या फाटकापाशी ती मुलगी येणार होती. तो एका ऑफिसात फोन घ्यायचा, ती त्याच ऑफिसच्या दुसऱ्या गावातल्या शाखेत होती. वर्षभर दोघं फोनवरच बोलत होते. आज पहिल्यांदा भेटणार होते.

"ती तुला ओळखणार कशी?" ताईने विचारलं.

"लाल जॅकेट, लाल नाड्या. सांगून ठेवलंय."

"हातात काठी असतेच की."

"काठी घडी करून खिशात ठेवणार आहे." त्याने खिसा चाचपला. "तिला सगळं माहीत आहे, ताई. पण काठीवरून नको ओळखायला. एकदा तरी कुणीतरी मला जॅकेटवरून ओळखू दे."

 जॅकेट ताईच्या डोळ्यांसमोर होतं. बारा वर्षं धुऊन धुऊन त्यातला लाल नावालासुद्धा उरला नव्हता. बाह्या विटल्या होत्या आणि खांदे तर पार पांढुरके झाले होते. पाच वाजता ती मुलगी फाटकापाशी लाल रंग शोधत उभी राहील, आणि हा तिच्यापासून चार पावलांवर हसऱ्या तोंडाने वाट पाहत राहील.

"बस इथे. नाड्या बांधते," ती म्हणाली.

तो खुर्चीवर बसला. ती त्याच्या पायाशी बसली. एका बुटाची नाडी बांधून झाली.

"ते लाल राहिलं नाहीये रे," ती शेवटी म्हणाली.

"काय?"

"जॅकेट. विटलंय. आज नाही, कधीचंच."

 त्याने बाही दुसऱ्या हाताने हळूच चोळून पाहिली.

"आणि नाड्या? त्या तर गेल्या महिन्यात नव्या आणल्यास."

"आणल्या. पंधरा दिवस गच्चीवर उन्हात टाकल्या."

"कशाला?"

"जॅकेटशी जुळायला नकोत? नियम तुझाच ना, वर आणि खाली एकच रंग."

धाकट्याला हसू आलं, पण ते मध्येच थांबलं. "सांगायचं होतंस, ताई."

"सांगितलं असतं तर तू ते टाकून दिलं असतंस. या कपाटात तू डोळ्यांनी पाहिलेलं तेवढं एकच आहे. माझ्याच्याने नाही झालं."

त्याने खिशातून फोन काढून त्या मुलीला लावला. "ऐक," तो पलीकडे म्हणाला, "लाल शोधू नकोस. विटकं आहे. हो, जुनंच. मलाही आत्ताच कळलं." पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं झालं.

"काय म्हणाली?" ताईने घाईने विचारलं.

"म्हणाली, बरं झालं सांगितलंस, नाहीतर मी भलत्याच लाल माणसाचा हात धरला असता."

ताईने डोळे पुसले आणि दुसरा बूट ओढून घेतला.  मग अंदाजाने त्याने हात पुढे केला. तो तिच्या डोक्यावर पडला.

"तुलाही मी तेव्हाचंच पाहिलंय," तो म्हणाला. "वेणी कमरेपर्यंत होती." त्याची बोटं तिच्या केसांतून फिरली. वेणी आता खांद्याच्या खाली जात नव्हती. "आणि हे? एक गाठ की दोन?"

ताईचे हात नाडीवर थांबले. समोरच्या आरशात तिला स्वतःचं डोकं दिसत होतं.

"एक," ती म्हणाली.

मग नाडी वाटेत सुटू नये म्हणून तिने वर आणखी एक गाठ मारली.

निघण्यापूर्वी तो नेहमीसारखा खाली वाकला आणि त्याने दोन्ही बूट चाचपले. दुसऱ्या बुटावर त्याची बोटं जरा जास्त वेळ राहिली.

"दोन आहेत, ताई," तो म्हणाला.