घाईत आणलेली चाळण

सातवीच्या वर्गात सगुणा रडली. म्हणजे रडली नाहीच. डोळ्यांत खडूची पूड गेली, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं.

बाई निर्वासित मुलांवरची कादंबरी शिकवत होत्या. "घर सोडताना एकच वस्तू न्यायची. काय न्याल?"

"म्हैस!" कुणीतरी ओरडलं.

"म्हैस वस्तू आहे का रे?"

सगुणाचं गाव दोन वर्षांपूर्वी धरणात गेलेलं. "मी घाईत चाळण आणली, बाई," ती म्हणाली. वर्ग हसला.

"आणि राहिलं काय?" बाईंनी विचारलं.

"पमी. शेजारची. त्यांना जागा दुसऱ्या जिल्ह्यात मिळाली."

पूड गेली ती इथे.

गृहपाठाला कादंबरीतल्या मुलीला पत्र लिहायचं होतं. सगुणाने धरणाच्या साहेबांना लिहिलं: "महोदय, येत्या शनिवारी दुपारपर्यंत धरण रिकामे करावे, ही नम्र विनंती. पमी आणि मी आमच्या ओट्यावर थोडं बसू. नंतर पाणी भरण्यास आमची हरकत नाही."