लिंब गोड लागतोय

मरणाऱ्याला मुलगी कबूल करण्यात आसारामचा फायदाच होता: मुलगी घरातच राहणार आणि दिलदार म्हणून राहाता गावात नाव होणार. लेकीला, पुष्पाला, पसंत असूनही त्याने दोनदा नकार देऊन परत पाठवलेला गोरक्ष, एकाहत्तरच्या हंगामात त्याच्याच बागेत पेरू तोडताना साप चावून मारुतीच्या पारावर आडवा पडला होता. विष चढलं की कडुलिंब गोड लागतो, म्हणून भगत त्याला मूठमूठ पाला चारून बघत होता.

"कसा लागतोय?"

"निस्ता गूळ हाय."

बाया रडू लागल्या. आसाराम पुढे झाला. "बोल लेका, काय इच्छा हाय?"

"मामा, तुमची पुष्पा."

"दिली! सारा गाव साक्षी हाय."

गोरक्षने पुढची मूठ तोंडात घातली आणि थुंकली. "कडू हाय वो!"

गावाने भगताला खांद्यावर घेतलं.

पंधरा दिवसांनी मांडवात पुष्पाने हळूच विचारलं, "अवं, कंचा साप हुता त्यो?"

"मांजऱ्या. झाडावरचा. त्याच्या इखानं मानूस मरत न्हाई, निस्तं सुजतं."

"म्हंजी मी तुमाला फुकटच घावले!"

"फुकट कशी? आर्धं लिंबाचं झाड खाल्लं की मी!"