बोथट सुरी

बायको गेल्यापासून सुतारकाकांच्या दाराची बेल जवळजवळ मुकीच झाली होती. गेल्या आठवड्यात समोरच्या मावशी बोथट सुरी घेऊन आल्या. काकांनी पॉलिश पेपरवर घासून तिला झकास धार लावली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून, दोऱ्याने बांधून दिली. तेवढा अर्धा तास घरात दोन माणसांचा आवाज होता.

आज मावशी पुन्हा दारात. "अहो भाऊ, मेली टोमॅटोसुद्धा कापत नाही!"

पुडक्यावर काकांनीच मारलेली गाठ अजून तशीच होती. त्यांनी ती सोडली आणि पात्यावर अलगद अंगठा टेकवला.

"खरंच की! पार बोथटलीय. बसा, वेळ लागेल."

मावशी बसल्या. काकांनी पॉलिश पेपर उलटा केला आणि त्याच्या गुळगुळीत पाठीवर सुरी सावकाश घासायला घेतली.