भिंतीवर न लागलेलं नाव

बाळ चिनात्सुच्या मांडीवर निजलं होतं. उद्या सातवा दिवस. जपानी रिवाजाप्रमाणे बाळाचं नाव कागदावर लिहून भिंतीवर लावायचं. तोवर ते फक्त तिच्या मनात होतं, नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं.

समोर नवरा आणि दीर जुन्या बाजारातून आणलेली दोन गेमयंत्रं दोन टीव्हींना जोडून भांडत होते.

"दादा, तुझ्याकडे नुसत्या मारामाऱ्या! गोष्टीचे खेळ माझ्याच यंत्रावर."

"गप रे, फुशारक्या नको मारू!"

दिराच्या पडद्यावर आधीच्या मालकाचा अर्धवट खेळ उघडला. खेळाडू: मिओरी.

नवऱ्याच्या पडद्यावर, निराळ्याच खेळात, तेच नाव. चिनात्सुने बाळासाठी मनात ठेवलेलं.

"अहो, बंद करा ते!"

"वहिनी, जुना पुसल्याशिवाय नवा खेळ सुरू होत नाही." दिराने बटण दाबलं.

मांडीवरचं बाळ एकाएकी निम्म्यानं हलकं झालं. चिनात्सुने त्याला छातीशी कवटाळलं.

"थांब, माझंही पुसतो," म्हणत नवऱ्याने बटणावर अंगठा ठेवला.