जिन्यातली फ्रेम

“नाही, तळ्याकाठची वाट घेऊ,” नवऱ्याने नकाशावर बोट ठेवलं. “सपाट आहे. जेवायच्या वेळेला परत. उगाच डोंगर चढून काय मिळणारे?”

बायकोने कप खाली ठेवला. दर सुट्टीत घरादाराला टेकड्यांवरून फरफटत नेणारा हा माणूस. लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीत याने तिला चप्पल तुटेपर्यंत चढवलं होतं. आज तो बदकं बघत तळ्याला फेरी मारणार होता.

“दादा, तू बोलतोयस हे?” धाकटा दीर हसला. “शिखर गाठल्याशिवाय डबा उघडू न देणारा?”

“अरे, हिच्या गुडघ्यासाठी म्हणतोय.”

गुडघा केव्हाच बरा झाला होता. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तेल तोच चोळायचा.

तळ्याकाठी कुणाला भेटायचंय की काय, असं तिच्या मनात येऊन गेलं. मग त्याच्या स्वेटरच्या कोपरावरचं भोक दिसलं, आणि तो संशय तिने तिथेच सोडला. दुसरा मात्र सुटेना.

त्यांची खोली लॉजच्या वरच्या मजल्यावर होती. काल बॅग नेताना तो जिन्याच्या वळणावर थांबला होता, भिंतीवरच्या फ्रेमसमोर. संध्याकाळी पुन्हा. आज सकाळी चष्मा आणायला गेला, तेव्हाही. घरातल्या भिंतींचा रंग बदलला तरी ज्याला पत्ता लागला नव्हता, तो माणूस कठडा धरून फ्रेम न्याहाळत होता.

“काय हो, जिन्यात काय बघत असता एवढं?”

“चित्र आहे ना.” त्याने नकाशातून मान वर केली नाही. “डोंगराचं. बरं काढलंय.”

“असं होय,” ती म्हणाली. मग दिराकडे वळली. “भाऊजी, तळ्याकाठीच जाऊ. सकाळपासून गुडघा ठणकतोय माझा.”

“वहिनी, तुम्हीसुद्धा?”

नवऱ्याने नकाशाची घडी घातली. जरा जास्तच झटपट. घडी चुकली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

दीर पाण्याच्या बाटल्या घेऊन अंगणात गेला. हे दोघं बूट घालायला वर निघाले. ती पुढे होती. वळणावर येऊन ती फ्रेमशेजारी उभी राहिली आणि वाट बघू लागली. आधी त्याचा श्वास वर आला, मग तो. त्याने सवयीने कठडा धरला, सवयीने तोंड भिंतीकडे वळवलं.

“खरंच बरं काढलंय,” ती म्हणाली.

काचेमागे एक पिवळा पडलेला कागद होता. तिने तो मोठ्याने वाचायला घेतला.

“आग लागल्यास घाबरू नये. धावपळ करू नये.”

त्याने कपाळावरचा घाम पुसायला कठड्यावरचा हात उचलला आणि लगेच परत ठेवला.

पुढची ओळ तिने सावकाश वाचली. “सर्वप्रथम जवळच्या माणसाला सांगावे.”

अंगणातून दिराने हाक मारली. दोघांपैकी कुणीच ओ दिली नाही.