काठ नसलेलं ताट

“दिसायला देखणं आहे गं, पण याला काठ कुठाय? वरण पळेल की!” सपाट, पांढरंशुभ्र ताट उजेडाला धरून कुमुदबाई भांड्यांच्या दुकानातल्या मुलीला म्हणाल्या.

“काकू, डिझायनर आहे. हल्ली असंच साधं घेतात सगळे.”

“वाढल्याशिवाय कसं कळणार?” त्यांनी पिशवीतून डबा काढला. भर दुपारी दुकानात चिटपाखरूही नव्हतं. वर मीठ, डावीकडे लिंबाची फोड आणि चटणी, उजवीकडे भोपळ्याची भाजी, मधोमध भाताची मूद, तिच्यावर वरण. वर्षभरात त्यांनी कुणाचं ताट वाढलं नव्हतं, तरी हात चुकला नाही.

“आता जेव. नुसतं बघून ताट कळतं होय?”

ती मुलगी आधी लाजली, मग स्टुलावर बसून चाटूनपुसून जेवली. “सावकाश होऊ दे,” म्हणत कुमुदबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

“बघा काकू, वरण जागचं हललं नाही. सहाचा सेट बांधू?”

घरी ओट्यावर उपडं घातलेलं एकुलतं ताट कुमुदबाईंना आठवलं.

“नको, अजून मनासारखं नाही,” रिकामा डबा पिशवीत ठेवत त्या म्हणाल्या. “उद्या ते खोलगट बघू. उद्या आमटी आणते.”